खडकावर सुटा, रस्त्यावर जोडलेला

मित्रांनो, माझी भेट घ्यायची असेल तर तुम्हाला गुडघे टेकावे लागतील. ट्रकच्या पुढच्या दोन चाकांच्या मध्ये मान वाकडी करून बघा. चिखलाने माखलेली, अंगठ्यापेक्षा जाड आणि मनगटापेक्षा बारीक, दोन्ही टोकांना वाकवलेली एक काळी सळई आडवी दिसेल. तोच मी. कागदोपत्री माझे नाव स्वे बार. वर्कशॉपमध्ये मला स्टॅबिलायझर म्हणतात. आणि ज्या घरात मी गेली अकरा वर्षे आहे, तिथे मला नुसते 'आडवा' म्हणतात. "आडव्याचे रबर बघितलेस का?" "आडव्याचा चिखल काढ." हे नाव मला मनापासून आवडते, कारण ते ठेवणाऱ्यांनी माझ्यावर भरपूर राग काढला आहे आणि भरपूर जीवही लावला आहे.

माझे काम सांगायला सोपे आहे. गाडी जोरात वळली की तिचे अंग बाहेरच्या बाजूला कलते. त्या बाजूचे चाक दबते आणि दुसऱ्या बाजूचे मोकळे होऊ पाहते. मी दोघांना जोडलेला असतो. एक चाक वर गेले की मी पिळवटतो आणि दुसऱ्यालाही आपल्याबरोबर वर ओढतो. त्यामुळे गाडी कलंडायची थांबते. एकाला झाले की दुसऱ्याला कळवायचे, एवढाच माझा धर्म. पण हाच धर्म एके दिवशी पाच घरांच्या जिवावर उठला. तीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

जन्मलो तेव्हा मी सरळ होतो, सुतासारखा सरळ. मग मला भट्टीत घातले. लालबुंद झालो तसे साच्यात दाबून दोन्हीकडून वाकवले आणि त्याच तापल्या अंगाने तेलात बुडवले. असा काही चर्र आवाज झाला की मला वाटले, संपलो. पण संपलो नव्हतो, कडक झालो होतो. नंतर पुन्हा जरा ऊब दिली, म्हणजे कडकपणाने मोडू नये. शेवटी तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला लहानशा हातोडीने टिचकी मारली, कान जवळ आणला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ कसा गातोय. जाऊ दे याला पुढे." मी पुढे गेलो.

मला एका चार चाकांवर जोर चालणाऱ्या पिकअप ट्रकला बसवण्यात आले. पहिली सात वर्षे आम्ही कपाटे, पलंग आणि टेबले वाहिली. सगळा गुळगुळीत रस्ता. वळणे यायची, मी पिळवटायचो, पुन्हा सरळ व्हायचो. ट्रक विकला गेला त्या दिवशी म्हाताऱ्या ड्रायव्हरने नव्या मालकाच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाला, "वळणावर या गाडीवर डोळे मिटून भरवसा ठेवा. फक्त डोळे मिटू नका."

नवा मालक हसला. त्याच्या हसण्याने त्याचे पोटही हसत असे. तो मधवाला होता. त्याच्याकडे मधमाश्यांच्या छत्तीस पेट्या होत्या, एक धीराची बायको होती आणि एक मुलगी होती. मुलीचे पाय जमिनीला टेकत नसत म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. त्या वेळी भिंगरी शाळेत होती. पुढे ती मोठी झाली, गाडी शिकली आणि बाबांपेक्षा चांगली चालवू लागली. हे बाबांनी स्वतःच एकदा मान्य केले. मग तीन दिवस ते कुणाशी नीट बोलले नाहीत.

आमचे वर्ष माश्यांच्या भुकेवर चालायचे. खालच्या मळ्यांतला फुलोरा संपला की पेट्या उचलायच्या आणि वर पठारावर न्यायच्या. तिथे तीन-चार आठवडे रानफुलांचा नुसता पूर असायचा. पठारापर्यंत आधी पस्तीस किलोमीटर घाटाचा डांबरी रस्ता आणि मग शेवटचे सहा किलोमीटर कच्ची वाट. माश्या बाहेर पडण्याआधी, उजाडता उजाडता पेट्यांची दारे जाळीने बंद करायची, तीन थरांत रचायच्या, दोर आवळायचे आणि ऊन चढायच्या आत वर पोचायचे. कोंडलेल्या माश्यांना ऊन सोसत नाही. पेटी तापली की त्या पंखांनी वारा घालत राहतात, आणि वारा घालता घालताच मरतात.

बरीच वर्षे हे सगळे सुरळीत चालले. मग एका वर्षी डोंगराची कड ढासळली आणि कच्च्या वाटेवर दगडांचा खच पडला. इतर मधवाल्यांनी पठाराचा नाद सोडला. आम्ही सोडला नाही.

ती सकाळ मला काल घडल्यासारखी आठवते. घाट आम्ही झोकात चढलो. मी प्रत्येक वळणावर पेट्यांचा डोलारा सावरून धरत होतो. वाट सुरू झाली तसे दगड मोठे होत गेले आणि तिसऱ्या वळणावर म्हशीच्या पाठीएवढा एक खडक आडवा आला. भिंगरीने डावे चाक त्यावर हळूच चढवले. उजवीकडे खड्डा होता. उजव्या चाकाने आता त्या खड्ड्यात उतरायला हवे होते. पण डावे चाक वर गेले तसा मी पिळवटलो आणि उजव्यालाही वर ओढून धरले. मला तेवढेच येत होते. उजवे चाक हवेत लटकले आणि गरगरा फिरत राहिले. गाडी जागची हलेना.

भिंगरी उतरली, खाली वाकली आणि तिने बॅटरीचा झोत माझ्या अंगावर टाकला.

"बाबा, हे चाक खाली जातच नाहीये. आडव्याने धरून ठेवलंय."

"जॅक लाव. खाली दगड भरू," बाबा म्हणाले.

दगड भरले, ते निसटले. पुन्हा भरले. गाडी वीतभर सरकायची आणि पुन्हा लटकायची. तोवर डोंगरावरून ऊन उतरले. बाबा कॅनमधले पाणी पेट्यांवर शिंपडत होते. हौद्यातली गुणगुण चढत चढत शिट्टीसारखी बारीक झाली. मी लोखंड आहे, पण तो आवाज मला अजून सोडत नाही. तीन तासांनी आम्ही तो खडक ओलांडला.

वर पोचल्यावर बाबांनी एकेक जाळी काढली. एकतीस पेट्यांतून माश्या भर्रकन उडाल्या. पाच पेट्या गप्प राहिल्या. बाबांनी त्या पाच पेट्या एका बाजूला नेऊन उपड्या केल्या आणि कितीतरी वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले. भिंगरी त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"तो आडवा काढायचा," ती म्हणाली. 

परतताना गाडी थेट मामाच्या गॅरेजात गेली. मामा म्हणजे भिंगरीच्या आईचा धाकटा भाऊ. हात सोन्याचे, पण डोक्यात खडकांचे वेड. सुट्टीच्या दिवशी तो आपली जीप घेऊन दगडधोंड्यांवर चढायला जायचा आणि त्यासाठी जीपमधले जे जे निघते ते काढून टाकायचा. माझा एक जातभाई त्याच्या गॅरेजाच्या भिंतीला टेकून गंजत होता. त्या जीपला दारेसुद्धा उरली नव्हती.

"दाजी, मी पहिल्यापासून सांगतोय," मामा बाबांना म्हणाला. "खडकावर प्रत्येक चाकाला आपापल्या वाटेनं जाऊ द्यायचं असतं. एक वर, एक खाली. हा मधे आला की गाडी तीन पायांची होते."

"आणि घाटात?" बाबांनी विचारले. "पस्तीस किलोमीटर वळणं आहेत. वर पेट्यांचे तीन थर. तिथे हाच धरतो."

"पण पेट्या मेल्या कुठे? घाटात की खडकावर?"

 बाबा तरी बोलत राहिले आणि मामाही बोलत राहिला. शेवटी भिंगरीची आई, जी भावासाठी डबा घेऊन आली होती, डबा टेबलावर ठेवत म्हणाली, "कामकरी माशी सहा आठवडे जगते. तुमचा वाद संपेपर्यंत तिची नातवंडं म्हातारी होतील."

बाबा उठले. "काढ," ते म्हणाले. "पण भंगारात नाही टाकायचा. हौद्यात राहू दे."

"म्हणजे कामावरून काढायचं, पण गावाबाहेर घालवायचं नाही," मामा हसला आणि पाना घेऊन गाडीखाली शिरला.

मित्रांनो, बोल्ट निघाले तेव्हा मला राग आला नाही. मला पाच गप्प पेट्या आठवत होत्या. हौद्याच्या कडेला मला सुतळीने बांधून ठेवले आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी आकाश पाहिले. इतकी वर्षे माझ्या डोक्यावर फक्त इंजिनाचे पोट होते. मला वाटले, ही माझी निवृत्ती. निवृत्ती इतकी उघडी आणि निळी असते हे मला ठाऊक नव्हते.

तीन आठवड्यांनी आम्ही पेट्या आणायला गेलो. रिकामी गाडी, संथ चाल. कच्च्या वाटेवर त्या खडकापाशी भिंगरीने श्वास रोखला आणि चाक चढवले. मी हौद्यातून बघत होतो. डावे चाक वर गेले आणि उजवे खड्ड्यात अलगद उतरून जमिनीला टेकले. गाडी मांजरासारखी पाय टाकत खडकावरून पलीकडे गेली. एकदाही घसरली नाही. भिंगरीने स्टिअरिंगवर थाप मारली. बाबाही हसले. खरे सांगू? मलाही आनंद झाला. माझ्याशिवाय गाडी अशी नाचू शकते हे बघून जरा हेवा वाटला, पण आनंद खोटा नव्हता.

उतरताना मधाने जडावलेल्या एकतीस पेट्या होत्या, आणि सोबत त्या पाच रिकाम्या. सकाळ ढगाळ आणि गार होती. तोच खडक आम्ही भरल्या गाडीने हळूहळू, झुलत, पण सहज उतरलो. मग डांबरी रस्ता लागला. भिंगरीचा हुरूप वाढला होता. घाटाच्या पहिल्या दोन वळणांवर गाडी जरा जास्तच कलली. बाबा म्हणाले, "सावकाश घे." तिने वेग कमी केला. पण चौथ्या वळणामागे, रस्त्याच्या मधोमध, कुणाच्या तरी गाडीतून पडलेला एक भलामोठा टायर आडवा पडला होता.

भिंगरीने स्टिअरिंग उजवीकडे कापले. गाडीचे अंग डावीकडे झोपले. एकतीस मधाच्या पेट्या, तीन थर, सगळे ओझे एका बाजूला लोटले. माझी सुतळी तुटली आणि मी हौद्याच्या तळावरून खडखडत दुसऱ्या फळीवर जाऊन आदळलो. उजवीकडची दोन्ही चाके रस्त्याला नुसती शिवत होती. ती मला वरून दिसत होती. मी तिथेच, चार हातांवर पडलो होतो, आणि जिथे असायला हवे तिथे नव्हतो. मित्रांनो, याहून मोठी शिक्षा मी भोगलेली नाही.

भिंगरीने ब्रेक कचकन दाबला नाही, म्हणून आज मी ही गोष्ट सांगतो आहे. तिने पाय उचलला, स्टिअरिंग हळूहळू सरळ केले, आणि गाडी एक हेलकावा उलट्या बाजूला खाऊन कठड्याच्या भिंतीपाशी थांबली. एक दोर तुटला होता. दोन पेट्या रस्त्यावर पडून फुटल्या होत्या. हजारो माश्यांचा काळा ढग रस्त्यावर घोंघावू लागला.

दोन्हीकडची वाहतूक जागच्या जागी थांबली. भराभर काचा वर गेल्या. सर्वात पुढे एक भरलेली बस होती. तिच्या चालकाने भोंगा वाजवण्याऐवजी इंजिनच बंद केले. कुणीतरी मागून ओरडले, तर तो खिडकीतून शांतपणे म्हणाला, "तुम्हाला घाई असेल तर उतरा आणि त्यांना सांगा."

बाबांनी चेहऱ्यावर जाळी ओढली आणि ते त्या ढगात शिरले. चालण्यात जराही घाई नव्हती. फुटलेल्या चौकटी एकेक करून उचलत त्यांनी पहिली राणीमाशी शोधली, मग दुसरी. प्रत्येकीला बोटांच्या चिमटीत धरून जपून एकेका रिकाम्या पेटीत ठेवले आणि दोन्ही पेट्या रस्त्याच्या कडेला एकमेकींपासून लांब मांडल्या. मग ते बाजूला झाले. थोड्या वेळाने एक माशी आत गेली, मग दहा, मग ओळीने शेकडो. बसमधली माणसे काचेला नाक लावून बघत होती.

भिंगरी भिंतीवर बसली होती.  बाबा तिच्याजवळ आले.

"मी आडवा काढायला लावला म्हणून झालं हे," ती म्हणाली.

"आणि मी हो म्हटलं. गाडी कलतेय हे मलाही पहिल्याच वळणावर कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"खडकावर तुझं खरं ठरलं होतं ना. मग इथे बोलायला तोंड नव्हतं." बाबा भिंतीला टेकले. "आता असं बघ, तिथं तुझं खरं आहे, इथं माझं खरं आहे. दोघांचं खरं एका गाडीत कसं बसवायचं ते तू शोध. मला बाकीच्या माश्या मोजायच्या आहेत."

भिंगरी उठली. तिने हत्यारांची आणि माझ्या सुट्या भागांची पिशवी काढली आणि मला हौद्यातून ओढून खाली घेतले. माश्या घरी परतत होत्या तोवर तिने तिथेच, रस्त्याच्या कडेला आडवे पडून मला पुन्हा बसवायला घेतले. आधी माझी कंबर दोन क्लॅम्पांनी चासीला घट्ट केली. आता फक्त दोन टोके उरली. ती टोके दोन लहान दांड्यांनी चाकांच्या बाजूला जोडायची असतात. त्या दांड्यांना लिंक म्हणतात. ती लिंक हातात धरून थबकली. मी गाडीला घट्ट होतो, पण चाकांशी अजून जोडलेला नव्हतो. चाकांना जिकडे हवे तिकडे जाता येत होते आणि मीही जागेवर होतो.

तिने मान वळवली. थांबलेल्या वाहनांत एक ट्रॅक्टर होता. त्याची ट्रॉली एका जाड पिनेने अडकवलेली होती. पिन ओढली की ट्रॉली सुटी, घातली की जोडलेली. भिंगरी त्या पिनेकडे इतका वेळ टक लावून बघत राहिली की ट्रॅक्टरवाल्याला वाटले, त्याचे काहीतरी पडले आहे.

"बाबा," ती गाडीखालूनच म्हणाली, "याला काढायचा नाही. आणि कायमचा बांधायचाही नाही."

मामाच्या गॅरेजात पुढचे आठ दिवस नुसती धमाल चालली. मामाने लिंक चाकाकडे अडकवायच्या पिनांच्या तीन जोड्या बनवल्या. पहिली पिन सैल झाली, ती खडखडायची. दुसरी इतकी घट्ट झाली की काढायला हातोडा लागायचा. तिसरी अशी बसली की आत जाताना 'टक्' असा एकच स्वच्छ आवाज आला, आणि मामाने गाडीखालून बाहेर येऊन पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "मी आजवर जे अडतं ते काढून फेकत आलो. सोडता येतं हे सुचलंच नाही."

त्याने नियमही घालून दिले. सोडायचे तर दोन्ही बाजूंचे, एका बाजूचे कधीच नाही. सोडलेली लिंक पट्ट्याने वर बांधायची, म्हणजे ती ब्रेकच्या नळीला घासणार नाही. खडक संपला की सपाट जागी थांबून दोन्ही पिना परत घालायच्या. पिना कुणाकडे ठेवायच्या यावर पुन्हा वाद व्हायची चिन्हे होती, पण बाबांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवून तो मिटवला.

आता ऐका ती सकाळ, जिच्यासाठी मी एवढा वेळ तुम्हाला थांबवले आहे.

पुढच्या हंगामात पेट्या वाढून चाळीस झाल्या होत्या. पहाटे अंधारातच आम्ही निघालो. घाटात मी जोडलेला होतो. एक वळण, दुसरे, दहावे. गाडी तीन थर डोक्यावर घेऊन अशी गेली की वरच्या पेटीतल्या माशीलाही वळण कळले नसेल. डांबर संपले. भिंगरी उतरली, उजवीकडे वाकली, पिन ओढली. डावीकडे वाकली, पिन ओढली. पट्टे बांधले. दोन्ही पिना बाबांच्या खिशात गेल्या.

आणि मी सुटलो. काय सांगू तुम्हाला! चाके माझ्या खालून वर-खाली जात होती आणि मला कुणाला ओढायचे नव्हते, कुणाला रोखायचे नव्हते. पहिला दगड आला, गेला. दुसरा आला, गेला. मग तो म्हशीच्या पाठीचा खडक. मागच्या वर्षी रिकामी गाडी त्यावर चढली होती. आज चाळीस पेट्या होत्या, आणि पूर्वेला डोंगराच्या कडेवर पिवळी रेघ उमटली होती.

"ऊन येतंय," बाबा म्हणाले.

"येऊ दे," भिंगरी म्हणाली.

डावे चाक चढले. चढले, चढले, इतके वर गेले की मला ते डोळ्यांसमोर दिसू लागले. उजवे खाली उतरू लागले, खोल, आणखी खोल. क्षणभर वाटले ते जमीन शोधतच राहणार. मग त्याने खड्ड्याचा तळ धरला. चारही चाके जमिनीवर होती. गाडीने घोगरा सूर काढला, एक लांब पाऊल टाकले आणि खडक मागे पडला. भिंगरी थांबली नाही. पुढचे तीन किलोमीटर आम्ही दगडांवरून झुलत, वाकत, सरसर चढत गेलो. हौद्यात चाळीस पेट्या एका सुरात गुणगुणत होत्या, आणि तो सूर शेवटपर्यंत बदलला नाही.

पठारावर पोचलो तेव्हा उन्हाचा पहिला पट्टा फुलांवर पडत होता. बाबांनी एकामागून एक जाळ्या काढल्या. भिंगरी मोठ्याने मोजत होती. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. एकही पेटी गप्प नव्हती. माश्यांनी डोक्यावर एक घेर घेतला, आपली जागा ओळखून घेतली आणि पांढऱ्या फुलांत अशी मुसंडी मारली की बाबा जाळी काढून नुसते बघत उभे राहिले. त्यांचे पोट हसत होते आणि डोळे पाणावले होते.

परतीच्या वाटेवर त्या दोघांच्या गप्पांना नुसता ऊत आला होता. खडकावर चाक किती वर गेले, बाबांनी दाराचा दांडा किती घट्ट धरला होता, मामाला हे कसे तिखटमीठ लावून सांगायचे. उतरताना खडक सरला, दगड सरले, वाट सपाट झाली. डांबर सुरू झाले.

गाडी थांबली नाही.

मी सुटाच होतो. पिना बाबांच्या खिशात होत्या. भिंगरीने दुसरा गिअर टाकला, मग तिसरा. मित्रांनो, मला तोंड नाही. मी हाक मारू शकत नाही. पुढे घाट होता. पट्ट्याने बांधलेल्या लिंका गप्प होत्या, मी गप्प होतो, आणि वर दोघे हसत होते.

पहिले वळण आले. अगदी साधे, मोठे, उताराचे वळण. रिकाम्या गाडीला तिथे काही झाले नसते. भिंगरी बोलता बोलता मधेच थांबली. तिने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला.

"काय झालं?" बाबांनी विचारले.

"गाडी आपली वाटत नाहीये."

"रिकामी आहे म्हणून तसं वाटतं."

"नाही बाबा. मला बसल्या जागी कळतंय. काहीतरी सुटलंय."

बाबांचा हात शर्टाच्या खिशावर गेला. आत दोन पिना एकमेकींवर वाजल्या.  भिंगरीने गाडी कडेला, सपाट जागा बघून उभी केली.

दोघे दोन बाजूंनी गाडीखाली शिरले. डाव्या बाजूची पिन लगेच बसली. उजवीकडे भोके जुळेनात, बोटभर फरक पडत होता. भिंगरीने ढकलून बघितले, ओढून बघितले.

"बाबा, पुढच्या बंपरवर उभे राहा जरा."

बाबा बंपरवर चढले. फरक अर्ध्या बोटावर आला.

"आता थोडं नाचा."

"या वयात?"

"बाबा."

बाबा नाचले. रिकाम्या घाटरस्त्यावर एक गोल माणूस ट्रकच्या बंपरवर दोन हात पसरून नाचला, स्प्रिंग दबली, उठली, पुन्हा दबली, आणि भिंगरीने नेमक्या क्षणी पिन आत लोटली. टक्.

मग दोघांनी बाजू बदलल्या. तिने बाबांची पिन तपासली, बाबांनी तिची. बाबा गाडीखाली आडवे होते, तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर. त्यांनी माझ्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला.

"पिना आजपासून तुझ्याकडे," ते म्हणाले.

"नको. तुमच्याकडेच ठेवा. पण थांबायचं दोघांनी."

या गोष्टीला पाच वर्षे झाली. आता आमच्या मागून आणखी तीन मधवाल्यांच्या गाड्या पठारावर जातात. सगळ्यांच्या पिना मामाने बनवल्या आहेत. माझे रबर दोनदा बदलले, रंग कधीच उडाला, आणि दर हंगामाआधी भिंगरी मला टिचकी मारून, बॅटरी लावून, कुठे तडा गेला नाही ना ते बघते.

मित्रांनो, तुमच्याकडेही असे काही असेल, जे कधी अडते आणि कधी सावरते. अडले म्हणून ते फेकू नका. सोडायचे तर सोडा, पण सोडले आहे हे लक्षात ठेवा आणि पुढच्या वळणाआधी जोडा.

आणि कधी कच्ची वाट संपून डांबर सुरू होते तिथे एखादा ट्रक उभा दिसला, त्याच्याखालून चार पाय बाहेर आलेले दिसले, तर घाबरून धावत येऊ नका. अपघात झालेला नाही. बापलेक मला जोडत आहेत. फक्त बंपरवर उभे राहायला कुणीतरी हवेच असते, तेव्हा वेळ असेल तर जरूर थांबा.